रेड पांडा हा जायंट पांडाचा धाकटा भाऊ नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी जे प्राण्यांचं पान येतं ते मी न चुकता वाचते, ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत असल्यामुळे त्यातली कात्रणं वर्गातल्या बोर्डावर लावते, आणि पोरं ती खरंच वाचतात. म्हणूनच हे पत्र. मागच्या अंकात रेड पांडावर लेख आला त्यात त्याला जायंट पांडाचा धाकटा भाऊ म्हटलंय, आणि त्याच पानावर खालच्या चौकटीत आपल्या कोकणातलं पाणमांजर मुंगसाच्या जवळचं म्हणून टाकलंय. दोन्ही चूक आहे, आणि गंमत अशी की रेड पांडा आणि पाणमांजर हेच दोघं एकमेकांच्या नात्यातले आहेत. एकाच पानावर वर-खाली छापलेले दोन नातेवाईक, आणि दोघांनाही परक्या घरात नेऊन बसवलं, हे बघून राहवलं नाही.

आधी पांडाचं घेते. रेड पांडाची माहिती युरोपात पहिल्यांदा दिली ती थॉमस हार्डविक या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने, 1821 साली लंडनच्या लिनियन सोसायटीत त्याने निबंध वाचला, पण तो छापून यायला 1827 उजाडलं आणि तोवर 1825 मध्ये फ्रेडरिक क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव देऊनही टाकलं, त्याला तो रकूनसारखा, म्हणजे अमेरिकेतल्या पट्टेरी शेपटीच्या एका लहान प्राण्यासारखा, वाटला होता. जायंट पांडा शास्त्राला कळला 1869 मध्ये, आर्माँ दाविद नावाच्या फ्रेंच पाद्र्याने चीनमधून कातडं आणि सांगाडा पॅरिसला पाठवला तेव्हा. म्हणजे पांडा म्हणून आधी ओळखला गेला तो हा तांबडा, झाडावरचा, शेपटीला पट्टे असलेला प्राणी, काळा-पांढरा त्याच्यानंतर 44 वर्षांनी आला. दाविदने स्वतः त्याला अस्वलच म्हटलं होतं, पण पॅरिसमध्ये हाडं आणि दात बघितल्यावर तिथल्या प्राणिशास्त्रज्ञ मिल्न-एडवर्ड्सला ते रेड पांडाशी जुळतात असं वाटलं, आणि तिथून जो वाद सुरू झाला तो शंभर वर्षं मिटला नाही. दोघेही बांबू खातात, दोघांच्याही दाढा रुंद आणि चपट्या, दोघांच्याही पंज्याला एक जादा अंगठा, मग नातं नाही असं म्हणायचं तरी कसं.

1964 मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियमच्या ड्वाइट डेव्हिसने जायंट पांडाचं सगळं शरीर, स्नायू न् हाडं न् आतडी, बारकाईने तपासून सांगितलं की हे अस्वल आहे. 1985 मध्ये स्टीफन ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी डीएनए आणि प्रथिनांच्या आधारे तेच दाखवलं. जायंट पांडा अस्वलांच्या घरी परत गेला पण रेड पांडा मात्र अधांतरीच राहिला, कधी त्याला रकूनच्या कुळात घालायचे कधी अस्वलांच्या शेजारी. मग 2000 साली जॉन फ्लिन आणि सहकाऱ्यांनी जनुकं तपासली तेव्हा चित्र स्पष्ट व्हायला लागलं, की रेड पांडा हे स्वतंत्र कुळ आहे आणि त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक म्हणजे वीझल नावाचा बारीक, लांबुडका शिकारी प्राणी आणि पाणमांजर यांचं कुळ, रकून, आणि घाण वास मारणारा स्कंक. नंतरच्या मोठमोठ्या जनुकीय अभ्यासांनी हे पक्कं केलंय.

हे झाड साध्या शब्दांत सांगते. मांसाहारी गणाच्या दोन मोठ्या फांद्या आहेत. एकीवर मांजर, वाघ, तरस, मुंगूस आणि उदमांजर. दुसरीवर कुत्रा, लांडगा, अस्वल, सील आणि ही आपली चार कुळं, वीझलचं, रकूनचं, स्कंकचं आणि रेड पांडाचं. ही चार कुळं साधारण 3 कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वी थंड होत गेली त्या काळात, एकमेकांपासून वेगळी झाली आणि ती इतकी भराभर फुटली की आधी स्कंक वेगळा झाला की आधी रेड पांडा यावर अभ्यासकांत अजूनही मतभेद आहेत, बहुतेक अभ्यास स्कंकला आधी टाकतात. रकून आणि वीझल ही दोन कुळं एकमेकांना सगळ्यात जवळची याबद्दल मात्र फारसा वाद उरलेला नाही. आता या झाडावर पाणमांजर शोधा. ते वीझलच्या कुळात आहे, म्हणजे ते मुंगसापेक्षा कुत्र्याला जवळचं आणि कुत्र्यापेक्षाही सीलला जवळचं. वर्गात हे सांगितलं की पोरांना पहिल्यांदा खोटं वाटतं.

मुंगूस आणि पाणमांजर दोघं लांबुडके, आखूड पायांचे, चपळ, दोघांच्या डोक्याचा आकारही जरा मिळताजुळता, त्यामुळे चौकट लिहिणाऱ्याचा गोंधळ का झाला ते समजतं. पण कवटी उलटी धरून बघितली की फरक हातात येतो. कानामागे कवटीच्या तळाशी हाडाचा एक पोकळ फुगवटा असतो. मांजर, मुंगूस, उदमांजर यांच्यात त्या पोकळीत साधारणपणे मधे एक हाडाचा पडदा असतो आणि आत दोन खोल्या होतात, पाणमांजरात, अस्वलात तसा पूर्ण पडदा नसतो, एकच खोली. बाहेरून प्राणी कसा दिसतो हे तो काय खातो आणि कुठे राहतो यावर पुष्कळ बदलतं, पण कानामागची ही आतली रचना इतक्या सहजी बदलत नाही, म्हणून जुने शरीरशास्त्रज्ञ तिच्यावर एवढा भरवसा ठेवायचे आणि डीएनएने त्यांना बरंचसं खरं ठरवलं. वीझलच्या कुळाची आणखी एक खूण दातांत आहे, वरच्या जबड्यातली दुसरी दाढ या कुळाने गमावलीय, रेड पांडाकडे ती अजून आहे.

आता जादा अंगठ्याबद्दल, कारण आपल्या लेखात तोच नात्याचा पुरावा म्हणून दिलाय. कॉलेजच्या सहलीत दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालयात रेड पांडाला खाताना जवळून बघितलं होतं. फांदीच्या बेचक्यात बसून त्याने बांबूची डहाळी एका पुढच्या पंज्यात धरली, आणि नीट बघितलं तर पाच बोटं एका बाजूला आणि तळव्याच्या आतल्या कडेला एक जाडसर गादी दुसऱ्या बाजूला, त्या दोहोंच्या चिमटीत डहाळी अडकलेली. मग तोंड तिरकं करून गालाच्या बाजूने एकेक पान ओढून घ्यायचं आणि बराच वेळ चावत बसायचं, पुढचं पान तोवर थांबलेलं. जायंट पांडासारखं अख्खा बांबू कडाकडा मोडून खाणं त्याचं नाही, तो पानं निवडून खातो. ती गादी म्हणजे खरं बोट नाही, मनगटाजवळचं एक लहानसं हाड वाढून तिथे आलंय. जायंट पांडात तेच हाड वाढलंय, फार मोठं होऊन. एकच हाड, एकच काम, तरी दोघांना ते वारशात मिळालेलं नाही, दोघांकडे ते वेगवेगळं वाढलं.

हे कशावरून म्हणायचं, तर याचं उत्तर माद्रिदजवळच्या बाताल्योनेसच्या खाणीत सापडलं. तिथे सुमारे 90 लाख वर्षांपूर्वीचा सिमोसायॉन नावाचा प्राणी मिळाला, रेड पांडाच्याच कुळातला पण बिबट्या-प्युमाच्या आकाराचा आणि मांस खाणारा, बांबूशी त्याचा काडीचा संबंध नाही. 2006 मध्ये स्पेनच्या संशोधकांनी त्याच्या पंज्याचा अभ्यास छापला, त्यालाही हा जादा अंगठा होता. त्यांचं म्हणणं असं की रेड पांडाच्या कुळात हा अंगठा झाडावर चढण्यासाठी, फांद्या पकडण्यासाठी आला, बांबू धरायला तो नंतर उपयोगी पडला. जायंट पांडात मात्र तो बांबूसाठीच वाढला असं दिसतं. मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते हेच, की शेवटी काम एकच पण दोघं तिथवर पोचले ते अगदी वेगळ्या वाटांनी.

पुढे 2017 मध्ये दोन्ही पांडांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, शेजारी ठेवून अभ्यास झाला. या दोघांचे पूर्वज एकमेकांपासून वेगळे होऊन 4 कोटी वर्षांहून जास्त काळ झालाय, तरी काही जनुकांमध्ये दोघांत सारखेच बदल झालेले सापडले, त्यातली एक-दोन हातापायांच्या वाढीशी संबंधित आहेत. आणि मांसाची चव, ज्याला उमामी म्हणतात, ती ओळखणारं जनुक दोघांतही मोडलेलं आहे. मांस खाणं सुटलं, चवीची गरज उरली नाही, जनुक बिघडलं तरी बिघडलेलं चाललं. आतडं मात्र दोघांचंही अजून मांसाहाऱ्याचंच, आखूड, त्यामुळे खाल्लेल्या बांबूतला फार थोडा भाग अंगी लागतो आणि दिवसाचा मोठा वेळ खाण्यातच जातो.

रेड पांडाचे नातेवाईक एकेकाळी किती दूरवर होते तेही लेखात यायला हवं होतं. 2000 साली अमेरिकेत टेनेसी राज्यात रस्ता बांधताना जीवाश्मांची एक जागा सापडली, ग्रे नावाच्या गावाजवळ, आणि तिथल्या एका दातावरून रेड पांडाच्या कुळातला प्रिस्टिनाइल्युरस हा प्राणी 2004 मध्ये वॉलेस आणि वांग यांनी जाहीर केला. युरोपातही पॅराइल्युरस नावाचा जवळचा नातेवाईक होता. सगळे गेले. आता उरलेत ते फक्त हिमालय आणि चीनच्या डोंगरांतले, त्यांच्याही 2020 च्या जीनोम अभ्यासाप्रमाणे दोन जाती मानाव्यात असं पुढे आलंय, हिमालयी आणि चिनी, आणि दोघींमधली सीमा म्हणजे यारलुंग त्सांगपो नदी, जी पुढे आपल्या अरुणाचलात सियांग म्हणून उतरते. म्हणजे अख्खं कुळ या दोन जातींवर उभं आहे. वाघ गेला तर भयंकरच, पण मांजर कुळात सिंह, बिबट्या, चित्ता मागे राहतील. रेड पांडा गेला तर 3 कोटी वर्षांची एक पूर्ण फांदी जाईल, मागे सांगायला कोणी नाही. 2015 पासून तो आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या यादीत धोक्यात आलेला म्हणून आहे, जंगलात प्रौढ प्राणी 10 हजारांहून कमी असावेत असा त्यांचा अंदाज. सिक्कीमचा तो राज्यप्राणी आहे. त्याला जायंट पांडाचा धाकटा भाऊ म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं मोठा भाऊ सुरक्षित आहे ना, मग चाललं. नातं चुकीचं सांगितलं की काळजीही चुकीच्या हिशोबाने होते.

बॅजर म्हणून जे प्राणी ओळखले जातात त्यांचंही असंच झालंय, आणि इथे आपल्या विदर्भातल्या वाचकांना रस वाटेल. अमेरिकेतला बॅजर, युरोपातला बॅजर आणि आपल्याकडचं चांदी अस्वल म्हणजे हनी बॅजर, हे तिघेही वीझलच्या कुळात असले तरी कुळातल्या वेगवेगळ्या फांद्यांवर आहेत. जमीन खणायची म्हणून तिघांना जाडजूड अंग आणि लांब नखं आली, त्यावरून पूर्वी त्यांना एकत्र धरायचे. चांदी अस्वल तर आपल्या उपकुळात एकटंच उरलंय. त्यात भर म्हणजे इंडोनेशिया-फिलिपिन्समधला स्टिंक बॅजर हा बॅजर नाहीच, तो स्कंक आहे. 1997 मध्ये ड्रॅगू आणि हनिकट यांनी डीएनएवरून स्कंकांना वीझलच्या कुळातून बाहेर काढून वेगळं कुळ दिलं तेव्हा हा स्टिंक बॅजरही त्यांच्याबरोबर गेला. तोवर घाण वास मारणाऱ्या ग्रंथी आहेत म्हणून स्कंकांना वीझलमध्येच धरत होते, पण तशा ग्रंथी या सगळ्या मंडळींत कमी-जास्त असतातच, त्यावरून जवळचं नातं ठरत नाही.

नाती चुकली तर फरक काय पडतो असं कोणी विचारेल. रकूनच्या कुळात दक्षिण अमेरिकेतला ओलिंगिटो नावाचा प्राणी आहे, तो 2013 मध्ये नवीन जात म्हणून जाहीर झाला, क्रिस्टोफर हेल्गेन आणि सहकाऱ्यांनी म्युझियममधल्या जुन्या कवट्या-कातड्यांवरून ओळखून मग इक्वेडोरच्या जंगलात जाऊन तो प्रत्यक्ष बघितला. त्याच्या कितीतरी वर्षं आधी त्यातली एक मादी अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत होती, तिला ओलिंगो हा त्याच कुळातला दुसरा प्राणी समजून एका प्राणिसंग्रहालयातून दुसऱ्या प्राणिसंग्रहालयात फिरवत राहिले, कारण ओलिंगो नरांबरोबर तिचं जुळत नव्हतं. जात वेगळी म्हटल्यावर कसं जुळणार. आयुष्य संपलं बिचारीचं तसंच.

आता पाणमांजराकडे येते, कारण ते आपल्या दारातलं आहे आणि माझा जीव त्याच्यात जास्त अडकलाय. वीझलचं कुळ मांसाहारी गणात सगळ्यात मोठं, साठच्या आसपास जाती. सगळ्यात छोटं लीस्ट वीझल, त्यातली काही जेमतेम 25-30 ग्रॅमची, उंदराच्या बिळात शिरेल असं बारीक अंग, आणि अशा अंगातून उष्णता भराभर निघून जाते म्हणून रोज आपल्या वजनाच्या जवळपास निम्मं खावं लागतं. दुसऱ्या टोकाला समुद्री पाणमांजर, नर 40-45 किलोचा होतो. पाणमांजरं ही वीझल आणि त्याच्यासारखाच मिंक यांच्या जवळची शाखा, जी पाण्यात उतरली. चीनच्या युनानमध्ये 60 लाख वर्षांपूर्वीच्या थरात लांडग्याएवढं, सुमारे 50 किलोचं पाणमांजर सापडलंय, सियामोगेल त्याचं नाव, 2017 मध्ये त्याचा अभ्यास आला.

आपल्या खाड्यांत आणि कांदळवनांत जे दिसतं ते बहुतेक करून गुळगुळीत अंगाचं पाणमांजर. इराकच्या दलदलीपासून इंडोनेशियापर्यंत ते आहे, आणि लुट्रोगेल या त्याच्या वंशात आज ही एवढी एकच जात जिवंत आहे. सकाळी ओहोटीला खाडीकाठच्या वाळूत आई-बाप-पोरं सगळं कुटुंब लोळताना दिसतं, अंग घासून केस कोरडे करतात, जवळच त्यांची ठरलेली विष्ठेची जागा असते, काडीने उकलून बघितली तर चकचकणारे माशांचे खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे, वास असा की हात धुतला तरी जात नाही. वरून बघितलं तर शेपूट टोकाकडे चपटी होत गेलेली, ही या जातीची खूण. मच्छीमारांचा त्यांच्यावर राग असतो, जाळी फाडतात म्हणून, आणि तो राग खोटा नाही, फाटलेल्या जाळ्याचा खर्च त्यांच्याच खिशातून जातो. पण जाळ्यात अडकून पाणमांजर बुडून मरतं तेव्हा तालुक्याच्या बातमीत येतं काय, तर मांजरासारखा प्राणी मृत आढळला, एवढंच. कोणती जात, कुठली खाडी, नर की मादी, पिल्लू होतं का, काही नाही. रेड पांडाच्या बाजूला उभं राहण्याइतकं महत्त्वाचं जनावर आपल्या खाडीत आहे, कायद्याचं संरक्षण आहे, आणि त्याची नोंद अशी.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. एक, पुढच्या अंकात छोटी का होईना दुरुस्ती द्या, रेड पांडा आणि पाणमांजर एकमेकांचे नातेवाईक आहेत हे त्याच मुलांच्या पानावर छापा, कारण कात्रण कापून ठेवणारी पोरं तेच पान वाचतात. दुसरी, आपल्या तालुका बातमीदारांना सांगा की पाणमांजर किंवा चांदी अस्वल मेलेलं आढळलं, मग ते जाळ्यात असो की हायवेवर गाडीखाली आलेलं, तर वनखात्याला कळवून जात विचारून घ्या, जागा आणि तारीख बातमीत लिहा, शक्य असेल तर शेपटीचा आणि पंज्यांचा फोटो घ्या. अशा बातम्यांची कात्रणं उद्या कोणीतरी अभ्यासाला वापरेल.

या चार कुळांचं झाड मी वर्गासाठी मोठ्या कागदावर काढलेलं आहे, हवं असेल तर फोटो काढून पाठवते. आपल्या चित्रकाराने ते नव्याने काढलं तरी हरकत नाही, फक्त रेड पांडाची फांदी अस्वलाला आणि पाणमांजराची मुंगसाला जोडली जाऊ नये एवढं छपाईआधी एकदा बघून घ्या.

आपली नियमित वाचक,
एक जीवशास्त्र शिक्षिका, सिंधुदुर्ग